सारगॅसम, किनारा आणि न केलेल्या कर्माचे फळ

सारगॅसम हे तपकिरी रंगाचे तरंगते समुद्री शेवाळ. बहुतेक मोठी शेवाळे तळाच्या खडकाला धरून वाढतात. सारगॅसम नाटान्स आणि सारगॅसम फ्लुइटान्स या दोन जाती मात्र आयुष्यभर खडकाला शिवत नाहीत. त्या खुल्या समुद्रात तरंगत वाढतात आणि तुटलेल्या फांदीचाच पुढे नवा झुबका होतो. दातेरी पात्यांच्या बेचक्यात काही मिलिमीटर व्यासाचे वायूने भरलेले गोल फुगे असतात; बोटांत दाबले तर ते टचकन फुटतात. या फुग्यांच्या जोरावर झुबके वर राहतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांचे लांबच लांब तांडे होतात. अशा तांड्यात शेवाळाच्याच रंगाचा, अंगावर पात्यांसारखी झालर असलेला सारगॅसम मासा दबा धरून बसलेला असतो. चिमुकले खेकडे आणि झिंगे तिथेच जगतात, अंड्यांतून नुकतीच निघालेली समुद्री कासवे आडोशाला येतात. उत्तर अटलांटिकमधील सारगॅसो समुद्र हे या शेवाळाचे जुने घर. त्याला कुठलाच किनारा नाही. भोवतीने फिरणारे सागरी प्रवाह हीच त्याची हद्द. १४९२ च्या सप्टेंबरात कोलंबसच्या जहाजांना हे शेवाळ दिसले, तेव्हा ती जमीन जवळ आल्याची खूण मानली गेली. जमीन लागायला अजून तीन आठवड्यांहून अधिक काळ जायचा होता.

२०११ पासून हे चित्र पालटले. सारगॅसो समुद्राच्या बऱ्याच दक्षिणेला, विषुववृत्ताजवळच्या अटलांटिकमध्ये सारगॅसम बेसुमार वाढू लागले आणि वारा व प्रवाहांबरोबर कॅरिबियन बेटांवर येऊन आदळू लागले. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा पट्टा मांडून दाखवला. जून २०१८ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्याचे वजन दोन कोटी टनांहून अधिक होते. मे २०२५ मध्ये हा आकडा पावणेचार कोटी टनांपर्यंत पोचला. २०१५ मध्ये टोबॅगोने ही नैसर्गिक आपत्ती मानली, २०१८ मध्ये बार्बाडोसने राष्ट्रीय आणीबाणी पुकारली. मेक्सिकोने २०१९ मध्ये शेवाळ अडवण्याचे काम नौदलाकडे सोपवले.

कारणांची साखळी लांब आहे. २००९-१० च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील वाऱ्यांचे नेहमीचे तंत्र फार बिघडले आणि त्यामुळे शेवाळाचा काही भाग दक्षिणेकडे ढकलला गेला, असे एक मत आहे. तिथे त्याला भरपूर ऊन मिळाले आणि पोषणही. हे पोषण अॅमेझॉन, काँगो, ओरिनोको या नद्यांतून येणारे असू शकते: जंगल तोडून झालेल्या शेतांची माती, रासायनिक खत, शहरांचे सांडपाणी. ते खोल समुद्रातून वर येणाऱ्या थंड पाण्यातले असू शकते, सहारा वाळवंटावरून उडत येणाऱ्या धुळीतले असू शकते. १९८० च्या दशकाशी तुलना करता सारगॅसमच्या शरीरातील नत्राचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आहे. म्हणजे समुद्रात नत्र वाढले, याची साक्ष शेवाळ स्वतः देते. पण कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. खोल पाण्यातून वर येणारा फॉस्फरस आणि शेवाळावरच राहून नत्र बांधणारे जिवाणू हेच मुख्य कारण, असे काही अलीकडच्या अभ्यासांचे म्हणणे आहे. हा मतभेद विज्ञानापुरता राहत नाही. या शेवाळामुळे होणाऱ्या त्रासाला जबाबदार कोण आणि तो नेमक्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या वाट्याला का यावा, या धर्मचिंतनातल्या जुन्या प्रश्नाची नवी बाजू त्यातून उघडी पडते.

किनाऱ्याला लागल्यावर सारगॅसमचे काय होते, हे बेटांवरच्या लोकांना आता तोंडपाठ झाले आहे. पहिल्या दिवशी ते सोनेरी असते आणि वास नुसता खारा. उन्हाने वरचा थर वाळून काळपट, कुरकुरीत होतो. खालचा ओलाच राहतो आणि कुजू लागतो. साधारण दोन दिवसांत त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया निघू लागतो. कुजक्या अंड्यांचा वास घराघरांत शिरतो, डोळे चुरचुरतात, डोके दुखते, मळमळते. विजेच्या उपकरणांतले धातूचे भाग काळे पडून निकामी होतात. काठचे पाणी गढूळ तपकिरी होते, त्यातला प्राणवायू संपतो आणि तळाच्या समुद्री गवतापर्यंत ऊन पोचत नाही. कान्कून, तुलुम किंवा पुंता कानाला सुट्टीवर आलेले कुटुंब पाण्यापाशी जाते, तेव्हा समोर गुडघाभर उंचीचा ढीग आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या असतात. तो ओलांडून पाण्यात उतरलेच, तर शेवाळाला चिकटलेले सूक्ष्म जीव अंगाला खाज आणतात. मुलांना पोहता येत नाही आणि खोलीची खिडकी उघडता येत नाही.

मग हे शेवाळ घाण आहे का? मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ च्या ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात मांडले की घाण हा वस्तूचा गुण नसतो. जी वस्तू आपल्या ठरलेल्या जागी नाही, तिला समाज घाण म्हणतो. त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, संत ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात जवळचाच विचार धर्माच्या अंगाने केला होता. आग, थंडी, हिंस्र पशू यांना माणूस वाईट म्हणतो, कारण ते आपल्या जागी किती शोभतात हे तो पाहत नाही. विषसुद्धा योग्य वापराने औषध होते, असे त्याचे म्हणणे. सारगॅसमला हे चपखल लागू पडते. मोकळ्या समुद्रात ते आसरा आहे. किनाऱ्यावर थोडेसे आले तरी ते उपकारकच: पक्ष्यांना त्यात खाद्य मिळते, वाळूच्या टेकड्यांवरच्या वनस्पतींना खत मिळते. शेवाळाची एकही काडी नसलेला किनारा निसर्गात जवळजवळ नसतोच. तो रोज पहाटे दंताळे फिरवून तयार करावा लागतो.

तरीही एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे ठरेल. हायड्रोजन सल्फाइड फुप्फुसात गेल्यावर जे होते, ते समाजाच्या वर्गीकरणाने होत नाही. २०१८ मध्ये ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवरील डॉक्टरांनी आठ महिन्यांत सारगॅसमच्या वायूमुळे झालेल्या तीव्र त्रासाचे ११,००० हून अधिक रुग्ण नोंदवले. सृष्टीत मूलतः वाईट काही नाही हे ऑगस्टीनचे मत मान्य केले, तरी श्वास कोंडलेल्या माणसाला त्याने उत्तर मिळत नाही. वस्तू निर्दोष असू शकते आणि तिच्यामुळे होणारे दुःख खरे असू शकते. या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवल्या, तरच पुढचा विचार नीट होतो.

पर्यटकाच्या तक्रारीचाही विचार याच कसोटीने करावा लागतो. ती क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. वर्षभर राबून आठ दिवसांची सुट्टी घेणाऱ्याचा हिरमोड खरा असतो आणि त्याने मोजलेले पैसेही खरे असतात. पण हिरमोड, इजा आणि अन्याय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यटकाच्या वाट्याला बहुधा पहिली येते, क्वचित दुसरी. तिसरी आली असे म्हणायचे, तर कोणीतरी वचन दिले होते आणि ते मोडले, हे दाखवावे लागेल. वचन दिले होते ते जाहिरातींनी: पांढरी वाळू, निळे पाणी, भूतलावरचा स्वर्ग. या कल्पनेला या भागात पाचशे वर्षांचा इतिहास आहे. १४९८ च्या तिसऱ्या सफरीत कोलंबस ओरिनोकोच्या मुखाशी पोचला. समुद्रात इतके गोडे पाणी पाहून बायबलमधले नंदनवन जवळच असले पाहिजे, असे त्याने स्पेनच्या राजाराणीला लिहिले. त्याच्यामागून आलेल्यांनी या ‘स्वर्गा’तल्या मूळ रहिवाशांची काय गत केली, हे इतिहासाला माहीत आहे. स्वर्ग म्हटले की तिथे आधीपासून कोणी राहते, कष्ट करते, आजारी पडते, हे नजरेआड होते. आजच्या जाहिरातीतही नेमके तेच होते.

शिवाय त्या निळाईचे एक मर्म आहे. उष्णकटिबंधातले पाणी नितळ दिसते ते त्यात पोषणद्रव्ये फार कमी असतात म्हणून. प्रवाळ, समुद्री गवत आणि पांढरी वाळू ही सारी रचना या टंचाईवर उभी आहे. सारगॅसमबरोबर तिथे अन्नाची भरती येते, आणि ती या रचनेला सोसत नाही. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर पोर्तो मोरेलोसच्या आसपास कुजलेल्या शेवाळाखाली समुद्री गवताची कुरणे मेल्याच्या नोंदी आहेत. पर्यटकाच्या डोळ्यांना खुपतो तो वरचा ढीग. त्याहून मोठी हानी पाण्याखाली होते आणि ढीग उचलल्यावरही ती भरून यायला फार काळ लागतो.

किनारा हा सुट्टीपुरता नसतोच. मेक्सिकोत कायद्याने तो सार्वजनिक मालमत्ता आहे, जरी हॉटेलांच्या रांगेतून तिथवर पोचणे स्थानिकांना अवघड झाले असले तरी. त्रिनिदादमध्ये गिरमिटियांच्या वंशातील हिंदू कार्तिकस्नानासाठी समुद्रावर येतात, तिथल्या स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट पंथाचे लोक समुद्रात बाप्तिस्मा देतात. या सर्वांसाठी समुद्र हे पवित्र जल आहे. मासेमाराला तो पोटापाण्यासाठी लागतो. तांड्यांत इंजिनाचा पंखा अडकला की त्याची होडी दिवसभर काठावरच राहते.

पाश्चात्त्य धर्मचिंतनात दुःखाचे दोन वर्ग फार काळ मानले गेले: माणसाच्या पापातून येणारे आणि निसर्गातून येणारे. दुसऱ्या वर्गाने देवाच्या न्यायाविषयी सर्वांत कठीण प्रश्न उभे केले. १७५५ मध्ये लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा व्हॉल्तेअरने त्यावर दीर्घ कविता लिहून विचारले की हे जग जर सर्वांत चांगले, तर निरपराध्यांना ही शिक्षा कसली? पुढच्या वर्षी रूसोने त्याला पत्र लिहून एक वेगळाच मुद्दा काढला: सहा-सात मजली वीस हजार घरे एका जागी दाटीने बांधली ती निसर्गाने नव्हे. दोन वर्गांमधल्या भिंतीला पडलेली ती पहिली मोठी चीर म्हणता येईल. सारगॅसमच्या बाबतीत ती भिंतच उरत नाही. शेवाळ निसर्गाचे, वारा निसर्गाचा. नदीतला नत्र काही अंशी माणसाचा, तापलेला समुद्र बऱ्याच अंशी माणसाचा. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी डांबराचे गोळे येतात, तेव्हा जहाज कोणते हे कळले नाही तरी ते कोणत्या तरी जहाजाचे किंवा तेलविहिरीचे, हे पक्के असते. तिथे कर्ता लपलेला आहे. सारगॅसमला एक कर्ता मुळी नाहीच.

भारतीय परंपरेत दुःखाची वाटणी तीन ठिकाणी होते. सांख्यांच्या मांडणीत आध्यात्मिक ताप स्वतःच्या शरीर-मनातून येतो, आधिभौतिक इतर प्राणिमात्रांकडून आणि आधिदैविक वारा, पाऊस, वीज अशा शक्तींकडून. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात याच तिन्ही तापांवर एकेक समास लिहिला, पण तिसऱ्याचा अर्थ बदलून. त्यांच्याकडे आधिदैविक ताप म्हणजे केलेल्या कर्मांबद्दल मरणानंतर भोगाव्या लागणाऱ्या यमयातना. एका परंपरेत जे आभाळातून येते, ते दुसरीत स्वतःच्या कृत्यातून येते. सारगॅसममध्ये दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत: ते वाऱ्याबरोबर येते, आणि त्याच्यामागे माणसांची कृत्येही आहेत.

याहून नेमके साधन गीतेच्या अठराव्या अध्यायात मिळते. कोणतेही कर्म घडायला पाच हेतू लागतात, असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी या पाचांचा फार बारकाईने विस्तार केला आहे. या मांडणीचे बळ असे की कर्ता पाचांतला एक ठरतो. तो नाहीसा होत नाही आणि सर्वस्वही होत नाही. अटलांटिकचे उबदार पाणी, अॅमेझॉनच्या खोऱ्यातला सोयाबीनचा शेतकरी आणि ते सोयाबीन विकत घेणारे दूरचे देश, खत आणि नांगर, सागरी प्रवाह, आणि एका हिवाळ्यात बिघडलेला वारा, हे सर्व मिळून हा पट्टा झाला असेल, तर ‘निसर्गाने केले’ आणि ‘माणसाने केले’ ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. मात्र वाटा लहान आहे म्हणून तो नाहीच, असे म्हणायला गीता परवानगी देत नाही. कोटी लोकांत विभागलेली जबाबदारी कोणाच्याच खांद्याला जाणवत नाही, हा आजच्या नीतिविचारापुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

कर्मसिद्धांताच्या चर्चेत नैयायिक आणि वेदान्ती दोन दोष नेहमी काढतात. केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे हा कृतहान, आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. ज्या मतातून हे निष्पन्न होईल ते मत त्याज्य, इतके हे दोष गंभीर मानले गेले. सारगॅसमच्या किनाऱ्यावर दोन्ही दोष जगाच्या व्यवहारातच उघडे दिसतात. मार्टिनिकच्या किनाऱ्यावर डोकेदुखीने हैराण झालेल्या मुलाने अॅमेझॉनमधले एकही झाड तोडलेले नाही. ज्यांनी तोडले आणि ज्यांनी त्यातून नफा कमावला, त्यांच्यापर्यंत तो वास पोचत नाही. त्या मुलाच्या बेटावर तर एक जुने कर्मही आहे: केळीच्या बागांत १९९३ पर्यंत क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. ते मातीत आणि काठच्या पाण्यात अजून आहे, आणि किनाऱ्याजवळ आलेले सारगॅसम ते शोषून घेते.

परंपरेने यावर एक तोड काढली होती. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशात बाह्य जग, म्हणजे भाजनलोक, हे सर्व जीवांच्या साधारण (सामायिक) कर्मातून घडते असे मानले आहे. बिघडलेल्या समुद्राचे वर्णन करायला ही कल्पना उपयोगी आहे. पण तिचा उपयोग भोगणाऱ्याला दोषी ठरवण्यासाठी झाला, तर ती क्रूर होते. बेटावरच्या लोकांचे पूर्वकर्म असे म्हणून हात झटकणे हे धर्मचिंतन नव्हे. साधारण कर्माची कल्पना कर्त्याने स्वतःकडे वळवली तरच ती न्याय्य राहते. आणि या ठिकाणी पर्यटकाचे स्थान विशेष आहे. तो भोगणाऱ्यांत आहे, तसाच कर्त्यांतही: हजारो किलोमीटरचा विमानप्रवास, ताटातले मांस आणि त्यामागचे पशुखाद्य, हॉटेलाचे सांडपाणी, वाळूच्या टेकड्या आणि तिवरे सपाट करून उभ्या राहिलेल्या खोल्या. किनाऱ्यावरच्या सर्वांत ज्याच्यापर्यंत कर्म आणि फळ दोन्ही थोडी थोडी पोचतात, असा बहुधा तोच. त्याचा हिरमोड सर्वांत लहान असला, तरी विचाराला सर्वांत जास्त वाव त्यातच आहे.

कर्तव्याचा प्रश्नही सोपा नाही. शेवाळ तसेच पडू दिले तर ते सडते. अवजड यंत्रांनी उचलले तर त्याबरोबर वाळू जाते आणि कासवांची घरटी दबतात. समुद्रातच अडवले तर त्यात लपलेली पिल्ले सापडतात. खोल समुद्रात बुडवावे असेही सुचवले जाते. तिथल्या जीवसृष्टीवर त्याचा परिणाम काय होईल, याची जबाबदारी मग बुडवणाऱ्यावर येते. प्रत्येक कर्माला काही दोष चिकटलेला असतोच, असे गीता त्याच अध्यायात म्हणते. इथे ते अक्षरशः दिसते. मेक्सिकोत दंताळी आणि हातगाड्या घेऊन पहाटेपासून राबणाऱ्या मजुरांना ‘सारगासेरो’ म्हणतात. पाहुणा न्याहारीला येईपर्यंत वाळू स्वच्छ दिसावी म्हणून सडक्या शेवाळाचा वायू ते छातीत घेतात. उचललेला माल कुठे जातो, हा पुढचा प्रश्न. सारगॅसममध्ये आर्सेनिक असते, त्यामुळे ते खत किंवा चारा म्हणून निर्धास्त वापरता येत नाही. पोर्तो मोरेलोसमध्ये त्याच्या विटा करून घरे बांधण्याचा प्रयत्न झाला आहे. तो मोलाचा आहे, पण कोट्यवधी टनांपुढे लहान. बराचसा ढीग आतल्या जंगलात टाकला जातो. युकातानची जमीन चुनखडीची, सच्छिद्र; वरचे पाणी सरळ भूजलात झिरपते. ते भूजल जिथे उघडे पडते ते गोल डोह, सेनोते, माया लोकांसाठी पवित्र होते आणि आजही तिथले पिण्याचे पाणी याच भूजलातून येते. पाहुण्यासाठी किनारा शुद्ध करताना डोह अशुद्ध होण्याचा धोका पत्करला जातो. शुद्धीची ही कल्पना सदोष आहे, कारण ती डोळ्यांपुढून वस्तू हलवते आणि तिची हानी दुसऱ्याच्या पाण्यात सोडते. निदान अस्तर घातलेल्या जागी साठवण, मजुरांना मुखवटे आणि पुरेसे वेतन, यंत्राऐवजी जमेल तिथे हाताने उचल, आणि वस्तीजवळचा ढीग हॉटेलाच्या आधी हलवणे, एवढे तरी अग्रक्रम न्यायाने ठरतात.

नुकसानभरपाईचा नेहमीचा कायदा दोषी शोधून चालतो. कोणाचे तेल सांडले हे सिद्ध झाले की त्याच्याकडून वसुली होते. सारगॅसमचा पट्टा बराचसा खुल्या समुद्रात, कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर वाढतो आणि त्याच्या पाचही हेतूंना एकत्र न्यायालयात उभे करता येत नाही. म्हणून दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता वाट्यानुसार आणि ऐपतीनुसार भार उचलण्याचे तत्त्व पुढे येते. खोऱ्यातली शेती, तिचा माल घेणारे देश, विमानप्रवास आणि किनाऱ्यावरचा पर्यटन व्यवसाय या सर्वांनी एका सामायिक निधीत भर घालावी, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. दोष आणि कर्तव्य यांना वेगळे करणारा हा विचार धर्मशास्त्राला परका नाही: नकळत घडलेल्या हिंसेलाही तिथे प्रायश्चित्त सांगितलेले आहे, आणि गृहस्थाच्या रोजच्या पंचमहायज्ञांमागे चूल, जाते, केरसुणी यांनी न कळत होणारी जीवहत्या हेच एक कारण दिलेले आहे. सध्या मात्र शेवाळ अडवण्याचा, उचलण्याचा आणि आजाऱ्यांवर उपचारांचा खर्च मुख्यतः ज्या किनाऱ्यावर ते येऊन पडते, तिथल्याच लोकांना आणि सरकारांना सोसावा लागतो.